एका झाडाची दोन दारं

काळुरामने आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही. वर्षातून एक जेवण तेवढं त्याला हवं असायचं. सर्वपित्री अमावास्येला, भावजयीच्या घरी, मेलेल्या भावाच्या नावाने वाढलेल्या पानाशेजारी बसून. ते जेवण त्याचं कसं सुटलं ते सांगायला बसलो आहे. गोष्ट सुखाची नाही. ज्याला सुखाची हवी असेल त्याने दुसरीकडे जाऊन बसावं.

मी दिनानाथ, मूळचा गडबचा. रोह्याला एका केमिकल कंपनीत टाइमकीपर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या उशिराची नोंद करायची आणि त्यांच्या शिव्या खायच्या. काळुराम त्याच कंपनीत मेंटेनन्सला हेल्पर. आम्ही दोघं रोह्यात एका खोलीत राहायचो. त्याची बायको लग्नानंतर लवकरच वारली होती, मूलबाळ नव्हतं. त्याचं गाव पेणकडे, जित्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि भांडणाला त्यांना निमित्त पुरतं.

काळुरामची ख्याती एकाच गोष्टीची: वाटणी. कंपनीत काहीही वाटायचं असलं की हाक त्यालाच. एकदा चौघांत पाच लाडू आले. याने पाचव्या लाडवाचे सुरीने चार भाग केले आणि खाली पडलेला चुरा गोळा करून तोही चार ठिकाणी मांडला. मी म्हटलं, "अरे, चुरा तरी मुंग्यांना सोड."

"आनि मुंग्यांचा वाटा कोन ठरवनार?" तो म्हणाला, आणि ते थट्टेत नव्हे. कोणाला कमी गेलं तर त्याला खरोखर घास गिळायचा नाही. असल्या माणसाबरोबर राहणं म्हणजे एक ताप असतो. डाळीतल्या फोडणीच्या मिरच्यासुद्धा तो सारख्या वाटायचा.

बोलायला मात्र तो कमी. भाऊ खांड पडून गेला, म्हणजे खाडीचा बांध फुटून पाण्यात गेला, एवढंच त्याने मला सांगितलं होतं. "दर्यानं नेला," म्हणायचा. आमच्याकडे असं बोलायची पद्धतच आहे. साप चावला तर नशीब, दर्याने नेलं तर दर्या. मीही पुढे कधी विचारलं नाही.

त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं ते दोन पंपांमुळे. कंपनीत एका मोठ्या भांड्यात माल शिजायचा आणि ते भांडं तापून उडू नये म्हणून त्याच्या अंगाभोवती सतत थंड पाणी फिरतं ठेवावं लागायचं. त्यासाठी दोन पंप होते. एक चालता, दुसरा राखीव. चालता बंद पडला तर राखीव सुरू करायचा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, तेव्हा त्याआधी यच्चयावत सगळं उघडायचं, पुसायचं, ग्रीस भरायचं, रंग द्यायचा, अशी कामगारांची रीत. त्या वर्षी भांडं थंड करून दोन दिवस बंद ठेवलं होतं. काळुराम आणि त्याचा फिटर दोन्ही पंप खोलायच्या तयारीत होते. मी जादा कामाची हजेरी घ्यायला तिथे उभा.

इंजिनिअर साहेब आले. पोरसवदा माणूस, कोल्हापूरकडचा, कधी आवाज चढवत नसे. म्हणाले, "आज एकच उघडा. दुसरा दिवाळीनंतर, आणि तो दुसऱ्या पाळीची माणसं करतील. ग्रीसही दुसऱ्या डब्यातलं घ्यायचं."

काळुराम म्हणाला, "साहेब, जोडीनं केला की कटकट मिटंल. दोनी पंप येकसारखे व्हतील."

"एकसारखे व्हायला नकोत म्हणूनच सांगतोय. समजा आजच्या ग्रीसमध्ये कचकच आहे, किंवा तुमच्या हातून एक वायसर उलटा बसला. दोन्ही पंप तुम्हीच केलेत तर दोन्हींत तीच चूक जाणार, आणि एक बसला की मागोमाग दुसराही बसणार. ज्या दुखण्याने पहिला मरेल त्याच दुखण्याने दुसरा मरू नये, म्हणून तर दुसरा ठेवायचा."

फिटरने मान डोलावली. साहेब निघाले. काळुराम त्यांच्या मागे चार पावलं गेला आणि म्हणाला, "साहेब, ह्या कवापासनं म्हाईत हाय लोकांना?"

"हे? जुनंच आहे. आम्ही पुस्तकात शिकलो."

"पासष्ट सालापासनं?"

"त्याच्याही आधीपासून असेल. का हो?"

 हातातला पाना खाली ठेवून काळुराम पंपाच्या कट्ट्यावर बसला. मला वाटलं उन्हाने चक्कर आली. पाणी दिलं तर ते त्याने हातात धरून ठेवलं, प्यायला नाही. फिटरने त्याला घरी पाठवलं.

संध्याकाळी खोलीवर गेलो तर स्टोव्ह पेटलेला नव्हता. मी चहा टाकला आणि दोन शिव्याही दिल्या, कारण त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी त्याची होती. मग त्याने सांगायला सुरुवात केली. मी पुढे जे लिहितो आहे ते त्याच्याकडून ऐकलेलं. थोडं नंतर गावातल्या लोकांकडून पडताळून घेतलं, कारण माझा एकाच माणसाच्या सांगण्यावर विश्वास नसतो.

त्यांच्या गावाची भातशेती खाडीच्या पातळीच्या खाली. खाडीला लागून एक बांध, त्याला बाहेरकाठा म्हणत. त्याच्या आत मिठागरं, आणि मिठागरांच्या आत दुसरा बांध. त्याच्या मागे शेतं आणि गाव. दोन्ही बांधांत एकेक उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातून पाणी जायची वाट, तिला वरून टांगलेलं लाकडी दार. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपसूक मिटायचं, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर जायचं. बाहेरचं हुकलं तर आतलं असतंच, या भरवशावर गाव झोपायचं.

ही दोन्ही दारं पूर्वी वेगवेगळ्या आळ्यांकडे होती. बाहेरचं खालच्या आळीकडे. ती माणसं मिठागरातली, होड्यांतली. मोडक्या होडीच्या फळ्या आणून ते दार ठोकायचे. आतलं वरच्या आळीकडे. ते जांभळाचं लाकूड आणून पेणच्या सुताराकडून करवून घ्यायचे. एक दार दोन वर्षांत गळायचं, दुसरं पाच वर्षांत. यंदा बाहेरचं खराब, पुढे केव्हातरी आतलं. आणि गळलं की भांडण: तुमच्या दारामुळे आमचं मीठ विरघळलं, तुमच्या दारामुळे आमचं भात खारलं. दर वर्षी भांडण व्हायचं, पण दर वर्षी भातही घरात यायचं.

पासष्ट साली भांडण डोकी फुटण्यापर्यंत गेलं. तेव्हा सगळे काळुरामकडे आले. तो जेमतेम तिशीचा होता, पण वाटणीत त्याचा शब्द दोन्ही आळ्या मानायच्या. त्याने विचार करून निवाडा दिला. एक झाड घ्यायचं, एकच सुतार बोलवायचा, दोन्ही दारं एकाच दिवशी करायची आणि एकाच डब्यातलं डांबर दोन्हींना लावायचं. तुझं बरं आणि माझं वाईट, हे बोलायला जागाच ठेवायची नाही.

दोन्ही आळ्या खूश झाल्या. हैबतराव नावाच्या डोंगराकडच्या एका शेतकऱ्याने शेताच्या बांधावरचं ऐनाचं जुनं झाड दिलं. पाऊस तोंडावर आला होता, म्हणून लाकूड वाळवायला वेळ नव्हता. ओल्या लाकडाच्याच फळ्या कापल्या, डांबर फासलं, वाजतगाजत दारं बसवली. नारळ फुटले. काळुरामचा धाकटा भाऊ जनू त्या दिवशी दोन्ही दारांवर चढून नाचला होता म्हणे.

तीन पावसाळे एक थेंब गळला नाही. भांडण नाही, तंटा नाही. पूर्वी सारखं काही ना काही गळायचं म्हणून लोक सारखे बांधावर जाऊन बघायचे. आता बघायचंच कोणी सोडून दिलं. आणि खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी कीड असते, ती दोन्ही दारांत सारख्याच दिवसांपासून, सारखीच काम करत होती. वरून डांबर काळं तुकतुकीत. आतून चाळण.

चौथ्या वर्षी सर्वपित्री आली. ती भरती वर्षातली मोठी, आणि अमावास्येला आमच्याकडे भरतीचा जोर भर दुपारी असतो. भात फुलोऱ्यात होतं. घराघरात वडे तळले जात होते. जनू केळीची पानं कापायला शेताकडे गेला होता. बाहेरचं दार गेल्याचा आवाज गावात ऐकू आला. पुरुषमाणसं टोपल्या, फावडी घेऊन आतल्या बांधाकडे पळाली. बाहेरचं गेलं की आतला बांध माती घालून राखायचा, हे पोराटोरांना ठाऊक होतं.

काळुराम पोचला तेव्हा जनू आतल्या उघाडीच्या बरोबर वर, एकटा, चिखलाची ढेपळं रचत होता. मिठागरं बुडून पाणी दाराला लागलं होतं. जनूने भावाला बघितलं आणि ओरडून विचारलं, "दादा, हितं थांबू काय? दार कुरकुरतंय."

काळुराम म्हणाला, "थांब. आतला दार पक्का हाय. मी बनवून घेतलाय."

आणि जनू थांबला. त्याच्या हाताला माती कमी पडू नये म्हणून काळुराम टोपली भरायला वळला. तेवढ्यात दार गेलं, दाराबरोबर वरचा बांध गेला आणि बांधाबरोबर जनू. तिसऱ्या दिवशी तो खाली खाडीच्या कांदळवनात सापडला.

"बाहेरचा गेला तवाच मना कलला पायजे व्हता," काळुराम मला म्हणाला. "येकाच झाडाची दारं. येक गेला म्हंजे दुसरा पन गेलाच. मी उलटा समजलो. बाहेरचा गेला, आथा आतला आपल्याला राखील, आसा समजलो. तो विचारत व्हता, दिना. त्याला पलायला वाट व्हती. मी थांब म्हनालो."

मी म्हटलं, तुला काय ठाऊक होतं, तू अडाणी माणूस. हे बोललो आणि लगेच कळलं की चुकीचं बोललो. इतकी वर्षं त्याचं समाधान हेच तर होतं, की असलं कोणाला ठाऊक असणं शक्यच नाही. दुपारी साहेबांनी ते काढून घेतलं होतं. बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता.

जनूची बायको हौसा. जनू गेला तेव्हा तिच्या मांडीवर कान्हू होता, दात न आलेला. भावाच्या दिवसांनंतर काळुरामला गावात राहवेना. शेत भावजयीच्या हाती देऊन तो रोह्याला आला आणि राहिला. पण सर्वपित्रीला तो गावी जायचाच. हौसा जनूचं पान वाढायची, कावळ्याने घास नेला की काळुरामचं. तो जेवायचा, कान्हूच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि परत यायचा. ती त्याच्याशी चांगलं बोलायची. दर्याला शिव्या घालायची आणि दिराला आग्रह करून खीर वाढायची. या जेवणावर हा माणूस वर्ष काढायचा. आता ते जेवण त्याच्या घशाखाली उतरणार नव्हतं.

पुढचं वर्षभर तो आतल्या आत कुढत राहिला. सांगू नको, असं मी पन्नासदा बजावलं. इतक्या वर्षांनी तिच्या डोक्यात ते घालून तुला काय मिळणार? उलट घर तुटेल. तो म्हणायचा, "तुटंल. पन ती दर्याला शिव्या घालते आनि मना वाढते. आसा खोटा जेवान कवरी जेवू?" यावर मी चिडायचो.

सर्वपित्रीला त्याने मला बरोबर नेलं. "येकट्याला जमनार नाय," म्हणाला. हौसाला मी पहिल्यांदा पाहिलं. हाडापेराने मोठी, लावणी-कापणीने हात राठ झालेले, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी बाई. कान्हू डोलवीच्या कारखान्यात ठेक्यावर कामाला जायचा आणि उरल्या वेळात शेत बघायचा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पडवीत पानं मांडलेली होती.

काळुराम पानावर बसेना. म्हणाला, "हौसा, आदी मी सांगतो ता आयक गो. मंग वाढ. वाढावासा वाटला तर."

त्याने सगळं सांगितलं. झाड, डांबर, कीड, रोह्याचे पंप, आणि शेवटी बांधावरचं ते बोलणं. हौसा हातात पळी घेऊन उंबऱ्यात उभी होती.  त्याचं संपलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "त्यांना पलता आला आसता?"

"व्हय."

"तुमी थांब म्हनलाव."

"व्हय."

ती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "आथाची दोन दारं कशी हायत?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता, त्यालाही नसावा. त्याने सांगितलं की जुनी गेल्यावर गावाने पुढे लोखंडी करून घेतली. दोन्ही आळ्यांत पुन्हा वाद नको म्हणून दोन्ही पेणच्या एकाच कारखान्यात, एकाच पत्र्याची, बिजागऱ्यासुद्धा एका मापाच्या. रंगही एकाच दिवशी लागतो.

"म्हंजे तशीच."

"तशीच."

"मंग हितं रडत काय बसलाव? माजा पोर त्याच बांधाखाली राबतो. आदी ती दारं येगली करा. जेवायचा मागून बघू."

तिने जनूचं पान कावळ्याला ठेवलं. मला वाढलं, कान्हूला वाढलं. काळुराम अंगणात जाऊन बसला. मी मात्र जेवलो. पितरांच्या पानाला नाही म्हणू नये, आणि वडे चांगले झाले होते. अजून त्याची लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

काळुराम पुढच्या शिमग्यानंतर नोकरी सोडून गावी गेला. देवळात बैठक बसली. मी सुट्टी काढून गेलो होतो, आणि असली बैठक म्हणजे काय असते ते सांगायला माझ्यासारखा गावच्या पंचायतीला कंटाळलेला माणूसच पाहिजे. काळुरामने मांडलं ते सरळ होतं. बाहेरचं लोखंडी राहू द्या. आतलं काढा आणि लाकडाचं करा, तेही टांगतं नको, बांधात दगडी खाचा करून एकावर एक फळ्या बसवायच्या. त्याला बिजागरी नाही, तेव्हा बिजागरी गंजायची भीती नाही. सुतार वेगळा आणा. बाहेरच्याची डागडुजी खालच्या आळीने शिमग्यात करायची, आतल्याची वरच्या आळीने दिवाळीत, आणि एकाने दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही.

लगेच गलका झाला. लोखंडाला काय कीड लागते काय? त्यांना लोखंड आणि आम्हाला लाकूड, आम्ही काय सावत्र? एक म्हातारा उठून म्हणाला, "काळुराम, तूच शिकवलास सगल्यांना सारका. आथा तूच भेद करतोस?"  ज्या न्यायाने काळुरामचं नाव झालं होतं तोच न्याय लोक त्याच्या अंगावर टाकत होते. बैठक मोडायला आली.

तेव्हा बायकांतून हौसा उठली. तिथे बाया बैठकीत बोलत नसत. ती म्हणाली, "आतल्या दाराच्या तोंडावर पयला शेत माजा हाय. फुटला तर आदी माजा बुडंल. मना लाकडाचा चालंल. मना कमी द्या. मी माज्या तोंडानं मागते, मंग तुमाला दुखायला काय झाला?"

 जास्त मागणाऱ्याशी भांडायची सवय असलेल्या गावाला कमी मागणाऱ्याशी भांडता येईना. नव्या दाराचं ठरलं, पण ती काळुरामकडे न बघताच बसली.

काळुरामने या खेपेला पावसाळा गाठायची घाई केली नाही, म्हातारं जांभूळ तोडून आधी वर्षभर वाळवलं. एक पावसाळा तसाच धाकधुकीत गेला, सर्वपित्रीलाही तो तिच्या दारात गेला नाही. दारं वेगळी झाल्याशिवाय जायचं कशाला, म्हणाला. तो आता जुन्या घराच्या पडवीत राहायचा, हौसाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. कान्हू येऊन बसायचा त्याच्याजवळ. हौसा नाही. पुढच्या मृगाआधी फळ्या बसल्या. टांगतं दार आपलं आपण उघडायचं, या फळ्या माणसाने ओहोटीला काढायच्या आणि भरतीआधी घालायच्या. लोकांनी नावं ठेवली, हे काय नसतं काम मागे लावलंस. काळुराम स्वतः काढायचा आणि घालायचा.

त्याच श्रावणात बाहेरच्या लोखंडी दाराची बिजागरी तुटली. गंजली होती, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. उधाणाचं पाणी मिठागरांवरून आतल्या बांधापर्यंत आलं आणि फळ्यांना लागून थांबलं. दोन फळ्यांच्या सांध्यातून थोडं झिरपलं तेवढंच. ओहोटी लागली, पाणी आलं तसं गेलं. खालच्या आळीने बिजागरी बदलली. गावात ना नारळ फुटला ना कोणी कोणाची पाठ थोपटली. भात उभं राहिलं, यात सांगण्यासारखं काय आहे? मला कळलं तेही कान्हूच्या पोस्टकार्डामुळे.

काळुराम मात्र पार बदलला. मला निरोप पाठवून त्याने बोलावून घेतलं. सर्वपित्रीच्या सकाळी मी पोचलो तर स्वारी दाढी करून, धुवट धोतर नेसून बसलेली. दोन वर्षांत इतका हसरा मी त्याला पाहिला नव्हता. "आज वाढंल," म्हणाला. माझीही तशीच खात्री होती. असं वाटणं साहजिकच आहे. माणूस चूक करतो, चूक कबूल करतो, भरून काढतो, मग पुढे काय राहतं?

हौसा अंगणातच होती. आम्हाला बघून ती पुढे आली आणि पडवीच्या पायरीवर उभी राहिली. आत पानं मांडलेली दिसत होती. कान्हूच्या बायकोच्या कडेवर मूल होतं.

"दादा," ती म्हणाली, "बांधावर जाऊन बगला मी. पानी फल्यांना लागलेला, त्याची खून हाय. कान्हू त्या टायमाला शेतातच व्हता. माजा पोर आज हाय ता तुमच्यामुलं हाय. ह्या मी देवासमोर सांगन, नातवाला पन सांगन."

काळुरामने हात जोडले.

"आनि जनू गेला ता पन तुमच्यामुलंच," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दोनी मी येगला येगला ठेवनार. येकात दुसरा घालनार नाय. लय परयत्न केला मी. वाटला, ह्याच्यानं ता फिटंल. नाय फिटत. तुमी हितं जेवाला बसलाव तर मना त्यांचा आवाज येल, हितं थांबू काय म्हनून. मना वाढता येनार नाय."

कान्हू म्हणाला, "आये, आज तरी..."

"तू गप," ती म्हणाली, आणि मग ती रडली. पदर तोंडाला लावून, उभ्या उभ्या. मग आत गेली.

 काळुरामने कान्हूच्या बायकोच्या कडेवरच्या पोराच्या पायाला हात लावला आणि तो वळला.  शेतांत भात पोटरीला आलं होतं आणि घराघरातून तळणाचा वास येत होता. मला भूक लागली होती आणि त्या भुकेचा राग येत होता.

तो त्या दिवशी माझ्याबरोबर रोह्याला परत आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. फळ्यांचं काम कान्हूने घेतलं. जिते स्टेशनवर गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मी हौसाला नावं ठेवायला लागलो. बाई दगडाची आहे, म्हटलं, एवढं केलंस तरी.

"नको बोलू," तो म्हणाला. "बरोबर बोलली ती. मी जल्मभर सगल्यांचा सारका केला. ह्या दोनीचा पन सारका व्हईल, ह्याच्यातून ता वजा जाईल, आसा मनाशी धरून बसलो व्हतो. नाय व्हत ता."

मग तो रडायला लागला. बाकावर शेजारी एक माणूस पेपर वाचत होता, तो उठून पलीकडे गेला. मी काळुरामच्या पाठीवर हात ठेवला. गाडी आली तेव्हा त्याला हाताला धरून चढवावं लागलं.